पाठीमागच्या चार ओळी

नाही नाही, तो डाग राहू दे. पुस्तक शिवा, पुठ्ठा नवा घाला, पण डागाला हात लावू नका — चहाचा आहे तो, समोरच्या बाईंचा. आमच्या समोरच्या दारात राहायच्या, परदेशातल्या. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्यांना, त्यामुळे भांडण असं कधी झालंच नाही. रोज संध्याकाळी हे पुस्तक घेऊन यायच्या आणि माझ्या नातीला वाचून दाखवायच्या — त्यांच्याच भाषेत, सगळं! तिला काय कळायचं? काही नाही. पण जागची हलायची नाही. मी आपला पेपर घेऊन बसायचो. पेपर सकाळीच वाचून झालेला असायचा, ते सोडा.

मग त्या आपल्या मुलीकडे गेल्या, त्यांच्या देशात. परत येते असं हातांनी सांगून गेल्या — म्हणजे मला तरी तसं वाटलं. पुस्तक नातीला दिलं. आता रोज मी वाचतो. वाचतो कसला, चित्रं बघून ठोकून देतो. अस्वल आणि बगळा, जिवलग मित्र. थंडी पडते, बगळा उडून जातो, अस्वल वाट बघत बसतं. डागाचं पान आलं की थांबायचं, कारण बाई तिथे चहा प्यायच्या. एकदा खोकायचंसुद्धा असतं, नाहीतर नात पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावते. शेवटच्या चित्रात अस्वल एकटंच आहे खिडकीत. मी सांगतो, बगळा दाराशी आलाय, चित्रात मावला नाही. त्या पानाच्या पाठीमागे चार ओळी आहेत, पण त्या बाई कधी वाचायच्या नाहीत. तिथे पुस्तक मिटायच्या आणि नातीच्या डोक्यावरून हात फिरवायच्या.

काय? तुम्हाला वाचता येतं हे? आजी तिकडची होती तुमची? बघा — आणि मी इतका वेळ तुम्हाला गोष्ट सांगतोय. नको, मोठ्याने नको. मनात वाचा.

झालं? मग पुस्तक का मिटलंत? नाही, सांगू नका. मी विचारलंय का? त्यांच्या खिडकीतल्या कुंडीला रोज पाणी घालतो मी. किल्ली माझ्याकडे आहे — ती काय त्या उगाच देऊन गेल्या? नातीला माझी गोष्ट पटलीय. मलाही पटत आली होती.

एक करा. ते शेवटचं पान मागच्या पुठ्ठ्याला चिकटवून टाका. हो, सगळंच्या सगळं, चित्र तेवढं वर राहू दे. नातीने विचारलंच तर सांगेन, बांधणाऱ्याने चुकून चिकटवलं. तुमच्यावर ढकलतो, चालेल ना? येतो मग दोन दिवसांनी. डिंक जरा जास्त लावा.