जगातल्या सर्वांत सुखी देशाचा माणूस

चारुदत्त : हळू बोल, अनू. तो बाहेरच बसलाय.

अनुराधा : बसू दे. मराठी कळतंय थोडंच त्याला! आणि कळलं असतं तरी चेहऱ्यावरून आपल्याला पत्ता लागला नसता. दारात ‘किया ओरा’ म्हणून इथला नमस्कार केला आणि अळूवडी वाढली तेव्हा ‘थँक यू’. त्यापुढे अख्खं जेवण झालं, पण तुझा युहानी अवाक्षर बोलला नाही.

चारुदत्त : फिनलंडची माणसं असतातच तशी. ऑफिसातही तो असाच असतो. गप्प बसणं म्हणजे त्यांच्याकडे समोरच्याला मान देणं.

अनुराधा : मग आपला फारच मान ठेवतोय. बरं, तो जॅकेट का काढत नाहीये? मसालेभातसुद्धा जॅकेट घालूनच खाल्ला त्याने.

चारुदत्त : गार वाटतंय म्हणाला मला. हळूच.

अनुराधा : फिनलंडच्या माणसाला? इथे न्यूझीलंडमध्ये, पोरिरुआत?

चारुदत्त : अगं, हेच तर मी इतके दिवस सांगतोय! तिकडे बाहेर बर्फ असतं आणि घरात लोक बनियनवर फिरतात. इथे जुलैत, ऐन हिवाळ्यात, घराबाहेर जेवढं गार, तेवढंच घरात. म्हणून तर बोलावलं त्याला. माझं पटत नाही ना तुला? मग त्याच्या तोंडून ऐक. शाळा विचार, पाळणाघरं विचार, बाळंतपणाची रजा विचार...

अनुराधा : बाळंतपणाची रजा मी कशाला विचारू?

चारुदत्त : उदाहरणादाखल गं! यंदाच्या त्या अहवालात पहिला आलाय तो देश. जगात सर्वांत सुखी. आणि तिथल्या टाम्पेरे शहरातली कंपनी मला नोकरी देतेय.

अनुराधा : न्यूझीलंड कितवं आलं?

चारुदत्त : आठवं.

अनुराधा : मग? शाळेत तुझा आठवा नंबर आला असता तर तुझ्या आईने गल्लीभर पेढे वाटले असते.

बाळासाहेब : अनू, मठ्ठा आहे का गं अजून? पाहुण्यांचा पेला रिकामा झालाय. काय गोड माणूस आहे!

अनुराधा : बाबा, तो तुमच्याशी बोलतोय?

बाळासाहेब : छे, मी बोलतोय. वीज मंडळातल्या माझ्या सगळ्या बदल्या सांगून झाल्या, साताऱ्यापासून पार चंद्रपूरपर्यंत. एकदाही मध्ये तोंड घातलं नाही त्याने. चारुदत्तराव, राग मानू नका, पण एवढी वर्षं तुम्ही माझे जावई आहात, मला कधी साताऱ्याच्या पुढे जाऊ दिलं नाहीत.

चारुदत्त : बाबा, बदल्या राहू द्या, तुम्ही त्याला फिनलंडबद्दल विचारा ना.

बाळासाहेब : विचारलं की. म्हटलं, तुमचा देश म्हणे जगात सर्वांत सुखी. तर त्याने आधी ताटातला शेवटचा घास संपवला. मग म्हणतो, आमच्याकडे कुणी ‘कसं चाललंय’ विचारलं की आम्ही ‘तक्रार नाही’ म्हणतो. ते अहवालवाले तेच लिहून घेऊन गेले असतील.

अनुराधा : ऐकलंस, चारू?

बाळासाहेब : आणि आपल्याकडे विचारून बघा! गुडघ्यापासून महापालिकेपर्यंत तासभर तक्रारी सांगेल माणूस, आणि उठताना म्हणेल, बरं वाटलं भेटून. आपण कुठून पहिले येणार?

चारुदत्त : बाबा, तो चेष्टा करत असेल.

बाळासाहेब : चेहऱ्यावरून तरी नाही वाटलं. बरं, ते जाऊ दे, मी मठ्ठ्यासाठी आलोच नाही. म्हणजे मठ्ठाही हवाय, पण आधी बॅटरी द्या. पाहुण्यांना हवीय.

चारुदत्त : बॅटरी? दिवसाढवळ्या?

बाळासाहेब : मघाशी श्रिया आतून खोकली ना, तर त्याने पहिल्यांदा काहीतरी आपणहून विचारलं. कोण खोकतंय? म्हटलं, नात आमची. थंडीभर असाच खोकला आहे तिला. तर उठलाच! म्हणाला, खोली बघू का?

अनुराधा : अगं बाई! तिथे धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडलाय.

बाळासाहेब : कपड्यांकडे नाही बघितलं त्याने. भिंतीला हात लावला, पलंगामागे वाकून वास घेतला. श्रियाने विचारलं, ‘आर यू अ डॉक्टर?’ तर म्हणाला, ‘नो. सॉफ्टवेअर.’ आणि आता म्हणतोय, घराखाली जातो.

चारुदत्त : घराखाली म्हणजे?

बाळासाहेब : तुमचं घर खांबांवर उभं आहे ना? खालच्या पोकळीत शिरायला मागच्या अंगाला ती लहानशी लाकडी झडप आहे बघा. झडप मी उघडून ठेवलीय. द्या बॅटरी, तो गुडघ्यांवर बसलासुद्धा असेल.

चारुदत्त : अहो बाबा, थांबवा त्याला! पाहुणा आहे तो!... गेले बॅटरी घेऊन. अनू, आता मी काय करू? सोमवारी ऑफिसात काय तोंड दाखवू? जेवायला बोलावलं आणि घराखाली पाठवलं!

अनुराधा : आपणहून गेलाय. आणि निदान तो तरी गेला. घर घेताना तू बघितलं होतंस खाली?

चारुदत्त : मी खिडकीतून बघितलं. समुद्र दिसत होता.

अनुराधा : हो रे. मीही समुद्रच बघितला.

चारुदत्त : ऐक, आपल्या पायाखाली ठोकतोय काहीतरी.

अनुराधा : ठोकू दे. चारू, आता बाबा नाहीयेत तर खरं सांग. हे टाम्पेरेचं खूळ डोक्यात आलं कुठून? ऑफिसातल्या रमणला तुझ्याआधी बढती मिळाली म्हणून?

चारुदत्त : रमणचं काय घेऊन बसलीस! नाही गं.

अनुराधा : मग?

चारुदत्त : श्रियाला इस्पितळात नेलं ना, मेच्या शेवटी. तिच्या तोंडावर मास्क लावला होता, तू तिला मांडीवर घेऊन बसली होतीस. मी गाडी लावून येतो म्हणून गेलो आणि बराच वेळ आलो नाही.

अनुराधा : जागा मिळत नव्हती म्हणालास.

चारुदत्त : जागा समोरच होती. मला आत येववेना. गाडीत बसून फोनवर शोधत राहिलो, कुठल्या देशातली घरं उबदार असतात, कुठे लहान मुलं कमी आजारी पडतात. सारखं फिनलंड येत होतं. मग त्याच आठवड्यात अर्ज करून टाकला.

अनुराधा : आणि मला सांगितलंस सुखाच्या अहवालाचं.

चारुदत्त : ते सांगायला सोपं होतं.

अनुराधा : वेडा आहेस. अरे, मीही घाबरलेच होते की. दोघं मिळून घाबरलो असतो.

चारुदत्त : तू आधीच ‘नाही’ म्हणाली असतीस.

अनुराधा : म्हणालेच असते! पुण्यात स्वतःचा दवाखाना होता माझा. इथे आल्यावर परत सगळ्या परीक्षा. आधी दक्षिणेत रिकार्टनला असताना दुसऱ्या डेंटिस्टच्या शेजारी थुंकी ओढायची नळी धरून उभी राहायचे मी. मग भूकंप झाला, तुला इकडे वेलिंग्टनला नोकरी मिळाली, परत सगळं पहिल्यापासून. आता कुठे क्लिनिकच्या दारावर माझं नाव लागलंय. आणि तू म्हणतोस, चल टाम्पेरेला. तिथे ‘तोंड उघडा’ला काय म्हणतात ते तरी माहितीये का मला?

चारुदत्त : तू शिकशील गं.

अनुराधा : मी शिकेन. पण ते उघडणार आहेत का? बोलायलासुद्धा उघडत नाहीत!

चारुदत्त : अनू, हसवू नकोस, मी भांडतोय.

अनुराधा : मीही भांडतेच आहे. तो देश सुखी असेल रे. पण तिथे गेल्यावर माझं काय, हे कुठल्या पानावर होतं?

चारुदत्त : नव्हतं कुठेच.

बाळासाहेब : सापडलं! चारुदत्तराव, अनू, चला मागे, बघा! वॉशिंग मशीनचा पाइप खाली निसटलाय. कपडे धुतल्याचं सगळं पाणी नेमकं श्रियाच्या खोलीखाली साठतंय. नुसता चिखल झालाय! तुम्ही राहायला आलात त्याच्याही आधीपासून निसटलेला असणार.

अनुराधा : आणि मी तिला बरं नाही म्हणून रोज तिच्या चादरी धुतेय.

चारुदत्त : युहानी कुठाय?

बाळासाहेब : झडपेतून अर्धा बाहेर. नखशिखांत चिखल आणि चक्क हसतोय! आज पहिल्यांदा दात दिसले त्याचे.

अनुराधा : कसे आहेत?

बाळासाहेब : ते खातं तुझं. म्हणाला, पाइप आत्ता बसवतो. पुढच्या रविवारी खालच्या सगळ्या मातीवर जाड प्लास्टिक अंथरू, म्हणजे ओल वर चढणार नाही. मी विचारलं, तुमच्याकडे असलं काही होत नसेल ना? तर म्हणाला, होतं की. मग कुणीतरी खाली जातं.

चारुदत्त : जुने कपडे कुठे आहेत माझे? मी जातो खाली.

अनुराधा : थांब, त्याच्यासाठीही घेऊन जा. आणि त्याला म्हणावं, वर आलास की गरम पाणी आहे, आंघोळ कर. जॅकेट आता काढावंच लागेल.

(सप्टेंबरातला एक शनिवार. तेच स्वयंपाकघर, सकाळची वेळ.)

बाळासाहेब : श्रिया झोपलीय अजून. गाढ. रात्री मी उठून कानोसा घेतला, एकदाही खोकली नाही.

अनुराधा : परवा पहाटे थोडी खोकली होती, बाबा. डॉक्टर म्हणाल्या, श्वासाचा पंप इतक्यात बंद करू नका. पण हो, फरक आहे. भिंत हाताला कोरडी लागते आता.

बाळासाहेब : मी निघालो. युहानीकडे जातोय. त्याने गॅरेजमध्ये लाकडाची खोली केलीय ना, घाम काढायची. सौना. आत नुसतं बसायचं असतं, बोलायचं नसतं.

चारुदत्त : तुम्हाला जमतं?

बाळासाहेब : त्याला जमतं. मी चंद्रपूरच्या पुढचं सांगतो. येतो मी, बसस्टॉपवर सोडायला येऊ नका.

चारुदत्त : अनू, बाबा जायचीच वाट बघत होतो. तुला एक आनंदाची बातमी द्यायचीय.

अनुराधा : काय?

चारुदत्त : टाम्पेरेला कळवून टाकलं. काल. येत नाही म्हणून.

अनुराधा : काल?

चारुदत्त : हो. संपलं ते प्रकरण. तुझं क्लिनिक, तुझं दारावरचं नाव, सगळं जागच्या जागी. आता तरी हस!

अनुराधा : मला न विचारता?

चारुदत्त : अगं, तुझ्यासाठीच तर...

अनुराधा : अर्ज केलास तेव्हा विचारलं नाहीस. आणि नाही म्हणालास तेव्हाही नाही!

चारुदत्त : म्हणजे? तुला जायचं होतं?

अनुराधा : माहीत नाही. विचार करत होते. श्रियाचा खोकला या घरात थांबलाच नसता तर? क्लिनिकमध्ये जेवणाच्या सुट्टीत फोनवर फिनिशचे धडे ऐकत होते मी. सगळ्या नर्सेस हसायच्या मला.

चारुदत्त : तू? फिनिश? बोलून दाखव बघू.

अनुराधा : मिहिन साट्टू?

चारुदत्त : म्हणजे काय?

अनुराधा : कुठे दुखतंय?

चारुदत्त : अनू, थांब, मी त्यांना परत लिहितो. त्यांनी अजून कुणाला घेतलं नसेल. लॅपटॉप कुठाय माझा?

अनुराधा : खबरदार! एक अक्षर लिहू नकोस. बस खाली. आधी मला विचार.

चारुदत्त : काय विचारू?

अनुराधा : ते तुझं तू ठरव.

चारुदत्त : बरं. अनू... तुला कुठे राहायचंय?

अनुराधा : परत विचार.

चारुदत्त : काय झालं? चुकलं का माझं?

अनुराधा : नाही रे. पुणं सोडताना तू हे विचारलं नव्हतंस. रिकार्टन सोडतानाही नाही. त्यामुळे उत्तर तयार नाहीये माझ्याकडे.

चारुदत्त : मग?

अनुराधा : विचार करून सांगते. तू चहा टाक.