धूर नसलेलं घर

जुमाकादिर : चाळीस वर्षं, सूनबाई. चाळीस वर्षं या गावच्या शाळेत ती गोष्ट कुणी शिकवली नाही. पुस्तकात असून नसल्यासारखी. आणि शेवटी शिकवली कुणी, तर माझ्याच सुनेने.

झिबेक : बाबा, चहा घ्या आधी. निवतोय.

जुमाकादिर : राहू दे चहा. मी घोड्याला नाल ठोकत होतो, तर तो शेजारचा काचिबेक मुद्दाम थांबून सांगतो, तुमच्या सुनेने नववीच्या वर्गात तुमच्या आईच्या अब्रूची लक्तरं टांगली.

झिबेक : परीक्षेत त्या गोष्टीवर दहा मार्कांचा प्रश्न असतो. आधीचे गुरुजी तुमच्या भिडेखातर ती पानं उलटून टाकायचे. मुलं दरवर्षी तेवढी जागा कोरी सोडून यायची. मला ते पटेना.

जुमाकादिर : दहा मार्कांसाठी माझी आई? लढाईच्या हिवाळ्यात जखमी शिपाई दार ठोठावतो, ती उघडत नाही. तो पुढच्या घरी जाऊन रोटी खातो, मोठा लेखक होतो आणि तिला खऱ्या नावानिशी छापतो. यात शिकवायचं काय उरलंय? अजून आम्हाला दार न उघडणारीची माणसं म्हणतात.

झिबेक : तुम्ही ती वाचलीय का?

जुमाकादिर : लोकांनी ऐकवलीय. भरपूर.

झिबेक : म्हणजे वाचली नाही.

जुमाकादिर : माझ्याशी शिक्षिकेसारखं बोलू नकोस.

झिबेक : शिक्षिकाच आहे मी, काय करू. ऐका तरी काय झालं ते. मी मोठ्याने वाचत होते. आजेसासूबाईंचं नाव आलं की जीभ अडायची. सुनेने घरातल्या थोरांचं नाव कसं घ्यायचं? मग आपली ‘त्या बाई’, ‘त्या बाई’ म्हणत राहिले. पोरं खुसुखुसू हसायला लागली. शेवटी पेरिझात उठली, वरच्या कुरणातल्या मेंढपाळाची थोरली. म्हणाली, बाई, पुस्तकात नाव छापलंय, तुम्ही ते का गिळताय? तुमच्या सासरच्या आहेत ना त्या?

जुमाकादिर : झालं. मग?

झिबेक : मग म्हटलं, हो, माझ्या घरच्या. आता तुम्हीच ठरवा त्या कशा होत्या. पण पुस्तकात दाखवून द्यायचं, ऐकीव चालणार नाही.

जुमाकादिर : आणि पोरांनी धोंडे मारले.

झिबेक : पहिली दहा मिनिटं मारले. कंजूष काय, दगडाच्या काळजाची काय, सगळं म्हणून झालं. मी त्यांना अडवलं नाही. मग त्याच पेरिझातने एका ओळीवर बोट ठेवलं. थांबा बाबा, वाचूनच दाखवते. ‘छपरावर दोन दिवसांचा बर्फ तसाच होता आणि धुराड्यातून धूर येत नव्हता.’

जुमाकादिर : त्यात काय? घर थंड, माणूसही थंड. तेच सांगायचं असेल त्याला.

झिबेक : असेल. गाईडमध्येही तेच दिलंय. पण ही पोरगी म्हणाली, बाई, दोन दिवस चूल नाही म्हणजे घरात पीठ नाही, गोवऱ्या नाहीत. आपल्याकडे उंबऱ्यापर्यंत आलेल्याला रोटीचा तुकडा तोंडात घातल्याशिवाय जाऊ देत नाहीत. जिच्याकडे तुकडाच नाही, तिने कुठल्या तोंडाने दार उघडायचं?

(जुमाकादिर निवलेला चहा जवळ ओढतो.)

झिबेक : मग एकेक जण पुस्तकात डोकं घालून बसला. एकाने शोधलं, अंगणात पावलांचे ठसे नाहीत. दुसरा म्हणाला, शिपाई दाराशी आला तरी कुत्रं भुंकलं नाही, म्हणजे कुत्रंही उरलं नसणार. बाबा, मी बिश्केकला पाच वर्षं शिकले. तिथल्या प्राध्यापकांनी ही गोष्ट दोनदा शिकवली, पण त्यांना हे दिसलं नव्हतं. माझ्या पोरांना दिसलं. मला इतका अभिमान वाटला की वर्गातच रडू आलं.

जुमाकादिर : कुत्रं काकाकडे देऊन टाकलं होतं. त्याला घालायला काही नव्हतं.

झिबेक : तुम्हाला आठवतं?

जुमाकादिर : मी आत होतो. सहा वर्षांचा.

झिबेक : गोष्टीत मूल नाही, बाबा.

जुमाकादिर : त्याला कसं कळणार? आईने माझं तोंड दाबून धरलं होतं. दार वाजलं की मला वाटायचं, कुणीतरी रोटी आणली. मी ओरडलो असतो. तो निघून गेला तरी तिने हात काढला नाही. माझे गाल ओले झाले. मला वाटलं, मीच रडतोय. तिच्या डोळ्यांतलं पाणी होतं ते.

झिबेक : हे कधी कुणाला सांगितलं नाहीत?

जुमाकादिर : कुणी विचारलंच नाही. सगळ्यांना गोष्ट पाठ होती.

झिबेक : उद्या पुन्हा नववीवर तास आहे. याल?

जुमाकादिर : पोरांसमोर मला रडू आलं तर?

झिबेक : त्यांना आज सवय झालीय.

जुमाकादिर : किती वाजता?

झिबेक : नऊला. ओढ्याच्या वाटेने गेलो तर कुणी भेटणारही नाही.

जुमाकादिर : ओढ्याने कशाला? गावातून जाऊ. आठलाच निघू, सगळे दारात उभे असतात तेव्हा.