चांद्याची सावली

लातूरच्या बसस्टँडवर देवणीच्या गाडीची वाट बघत शिवांगी उन्हात उभी होती. पुढं दोन पोरं बोलत होती.

"जीशान, व्हीआर गेममधी आमचा मेलेला बैल बनवला, चांद्या. आईला चष्मा लावून दाखवला."

"रडली?"

"पळाली! म्हणली, सावली न्हाई म्हंजे भूत हाय. आत्ताच्या आत्ता पुसून टाक."

"खरंच सावली नव्हती का रे, शिवम?"

"हाव ना! हात लावावा तर बैल किती लांब हाय तेच कळंना. हवेत लटकल्यावानी."

"मग पुसला?"

"न्हाई. खुराखाली सावली पाडली. खुर भुईवर टेकले, यार! आईनं हात लांबवला, तो नेमका कपाळावर."

"या अल्ला! मग?"

"मग काय, त्याच्या सावलीत बसलीय. चष्मा देत न्हाई. गार वाटतंय म्हणती."

शिवांगीनं हळूच दोघांच्या पायाखाली बघितलं. दोन्ही सावल्या जागेवर होत्या.