परक्या देवाला टाळ्या

नास्तिकानं धर्मग्रंथ वाचू नये, असं कुणी सांगितलं, राव? समोरच्याचं म्हणणं पुरतं वाचल्याशिवाय मी आयुष्यात कुणाविरुद्ध बातमी लिहिली नाही. देवालाही तोच नियम.

परवा डिंगोऱ्याला देवळाच्या कमिटीची बैठक होती. सभामंडप वाढवायचा म्हणून विठाबाईच्या शेताची वाट बंद करायचं ठरत होतं. बाई विधवा. कांदा काढून शेतात पडलेला, ट्रॅक्टर बाहेर येणार कुठून? मला पाहुणा म्हणून बोलायला उभं केलं. मी म्हणालो, "एका जुन्या ग्रंथात देव वैतागून सांगतो, तुमच्या सणांचा मला वीट आलाय. तुमची भजनं थांबवा आणि आधी विधवेला न्याय द्या."

टाळ्या पडल्या! अध्यक्ष बापू तर खूश. "लई भारी! कुठल्या संतांचं हे?"

"संतांचं नाही. प्राचीन इस्रायली लोकांच्या धर्मग्रंथातलं."

"आँ? म्हंजी परक्या देवाचं?"

"टाळ्या वाजवताना तुमचाच वाटला की!"

बापू भडकले. "तुमी तर देवच मानत न्हाई. मग त्याचं आमाला कशापायी सांगता?"

"मी नाहीच मानत. बाईची वाट अडवू नये, हे कळायला मला देव लागत नाही. तुम्हाला लागतो, म्हणून आणला."

तेवढ्यात बायकांमधून विठाबाई उठली आणि पदर खोचत म्हणाली, "बापू, उद्या सकाळी ट्रॅक्टर आणते मी."