दादाचा ईसीजी

आमच्या दादाच्या ईसीजीचं तुम्हाला सांगितलंच नाही ना? दादा सांगवीच्या तालमीतला पैलवान, वय एकवीस. कुस्ती खेळताना चक्कर आली, म्हणून वडील, म्हणजे तात्या, त्याला तसंच बारामतीच्या दवाखान्यात घेऊन गेले. मीही सोबत होते. दादाचं अंग तेलानं माखलेलं, त्यामुळे ईसीजीसाठी छातीवर लावलेल्या रबरी वाट्या सारख्या निसटत होत्या.

"पैलवान, तेल लावता की तेलात पोहता?" सिस्टर म्हणाल्या. आम्ही हसलो.

कागद बघून डॉक्टर मात्र हसले नाहीत. "हृदयाचा स्नायू जाड झालेला वाटतोय."

"तेलामुळं आसंल, सायेब," तात्या घाईनं म्हणाले. "पुसून परत काढा की."

सिस्टरांनी छाती स्पिरिटनं पुसली. आता एकही वाटी निसटली नाही, पण रेघा तेवढ्याच उंच आल्या.

"व्यायामानंही असं होतं, आजारानंही. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्यावर कळेल. तोवर कुस्ती बंद," डॉक्टर म्हणाले.

बाहेर येऊन दादानं मोटारसायकलच्या किकवर पाय ठेवला.

"पाय काढ!" तात्या ओरडले. "किक मी मारतो."

ते मारत राहिले. गाडी काही सुरू होईना, तरी दादाला "तू मार" म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.