इवायाच्या मिलवरचा ओला टॉवेल

मी मूळचा देवणीकडचा. वडील धान्याच्या मोंढ्यात तोलाई करायचे, सकाळी वजनं पुसून घेतल्याबिगर काट्याला हात लावायचे न्हाईत, लोकं हसायचे, म्हणायचे, वजनाला आंघोळ घालता का हो. त्यांच्या हाताखाली वाढलो, पुढं उदगीरला एका डाळमिलवर कामाला लागलो, मग तिथंच भागी आणि मग स्वतःची लहानशी मिल. थोरली लेक गावातल्या गावातच दिली, तिचे सासरे बी मिलवाले, म्हणजे माझे इवाई. त्यांचं घर मिलच्या पाठीमागंच, मधी एक भिंत.

आता डाळमिल म्हणलं की धूळ आलीच. तुरीचं टरफल निघतं, त्याचा बारीक भुसा उडतो, तो धरायला पंख्याच्या पाईपाला कापडाची लांब पिशवी लावायची असती. पिशवी लावली की हवा कोंडती, माल कमी निघतो, म्हणून जो तो काढून ठेवायचा, आणि वस्तीतल्या बाया भांडायला आल्या की धूळ नेहमी दुसऱ्याच्या मिलची. सरकारचे नियम होते, न्हाई कशाला म्हणू, पण साहेब यायचा त्याच दिवशी पिशवी लागायची. शेवटी आम्ही सगळे मिलवाले गावातल्या मठात बैठकीला बसलो. मीच म्हणलं, मोठी मिल असो का माझ्यासारखी लहान, माप सगळ्यांना एकच पाहिजे. ठरलं असं, की कंपाउंडच्या भिंतीवर पांढरा टॉवेल ओला करून तासभर टाकायचा, निम्मा झाकलेला, निम्मा उघडा. दोन्हीचा रंग एक राहिला तर ठीक, न्हाई तर पिशवी लागंपर्यंत मिल बंद. आणि तपासायचं आपणच एकमेकांचं, कुणी कुणाची मिल ते चिठ्ठी टाकून.

उन्हाळ्यात चिठ्ठ्या निघाल्या आणि माझ्या वाट्याला इवायाचीच मिल आली. सगळे हसले, तुम्हाला चहासंगं खवा बी मिळतो बघा म्हणले. एकजण म्हणला, चिठ्ठी बदला. काय सांगू तुम्हाला, बदलायलाच पाहिजे होती. पण मी बदला म्हणलं असतं तर इवायावर शक घेतल्यासारखं झालं असतं, आणि ते बी म्हणले, राहू द्या हो, घरचाच माणूस हाय. दोघं बी एकमेकाची मर्जी राखायला गेलो, बघा.

गेलो. टॉवेल टाकला. त्यांनी गादीवर बसवलं, चहा आला, नातीच्या शाळेच्या गोष्टी निघाल्या. तासाभरानं टॉवेल उघडला तर निम्मा पांढरा आणि निम्मा हळदीत बुडवल्यावानी. इवाई म्हणले, शेजारच्याची धूळ असंल. मी आत गेलो तर पिशवी खुंटीला टांगलेली. ते पाठीमागून आले, म्हणले, पाव्हणं, सीझन चालू हाय, दोन दिवसाचा प्रश्न हाय, तुम्ही इवाई म्हणून आलात का साहेब होऊन? मी म्हणलं, चहा इवाई म्हणून पिलो, टॉवेल मात्र मठात दाखवावा लागंल.

दाखवला. त्यांनी एका शब्दानं वाद घातला न्हाई, मिल बंद केली, पिशवी लावूनच परत सुरू केली. फक्त उठताना सगळ्यांसमोर म्हणले, लेक आमच्या घरात हाय, ते पाव्हणे इसरले.

पंचमीला लेक आली न्हाई. तिचा भाऊ मुराळी म्हणून आणायला गेला, तर घरात काम हाय म्हणून माघारी धाडला. बायको म्हणली, तुम्हाला टॉवेल बरा दिसला, लेक न्हाई दिसली. दिवाळीला बी तेच. गावातल्या गावात हाय, पण आमचा उंबरा चढत न्हाई. मी जाऊन हात जोडून आलो, बसवतात, चहा देतात, बोलत न्हाईत.

इकडं बाकीचे मिलवाले म्हणायला लागले, यानं स्वतःच्या इवायाला सोडलं न्हाई, आपल्याला काय सोडतो. आणि पिशव्या लागल्या बरं का, आता कुणाची खुंटीवर दिसत न्हाई. माझं नाव चांगलं झालं. त्या नावाचं मी काय करू?

परवा लेकीचा फोन आला. म्हणली, अप्पा, गच्चीवर कापडं वाळू घालते आता, लेकराचा खोकला बी कमी हाय. मला लई बरं वाटलं. मग म्हणली, तुम्ही सगळे मठात बसले, नेम ठरवला, तो टॉवेल तिथं न्यायच्या आधी तुम्ही मला एकदा विचारायला पाहिजे होतं, अप्पा. नेऊ नका म्हणले नसते मी. नुसतं विचारायचं होतं.

मी म्हणलं, सुखी राहा बाई, मोकळा श्वास घे, माहेर कुठं जात न्हाई. एवढं म्हणताना डोळे पुसले, तिला कळू न्हाई म्हणून खोकल्यावानी केलं. ती म्हणली, अप्पा, तुमच्याकडं धूळ हाय का अजून?

हाय म्हणलं, थोडी.