टाकीतले धागे

बघितली की! बघितली म्हणजे काय, पोटभर बघितली. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, ताई, फुलं बघूनच गेली आमची ही. बसा — त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो — इकडे बसा, ते कापड सरकवा बाजूला. गिऱ्हाइकाचं नाही, दुकान महिनाभर बंदच आहे. टाकी काय, नेऊच आपण, त्यासाठीच तर फोन केला तुम्हाला. तुम्हीच दिलेली रोपाची चिमूट, तुमच्याकडेच जाऊ दे. दोघांनी उचलली तर उचलेल. आणि माझ्या सदऱ्याकडे बघू नका. शिंप्याच्या अंगावर उसवलेला सदरा — शोभत नाही, कळतंय मला.

दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडून डबी घेऊन आली आणि म्हणते, अहो, ही वनस्पती मांस खाते. मी म्हटलं, वा! आहे त्या दोन तोंडांना पुरता पुरत नाही, त्यात तू तिसरं आणलंस! हसली. हसायची ती माझ्या असल्या बोलण्यावर, दुसरं कोण हसणार? मग माशांची जुनी टाकी घासली, माती-वाळू भरली. नळाचं पाणी नको, खत नको, पावसाचंच पाणी हवं — म्हणजे पाऊस लागला की मी गच्चीवर पातेली घेऊन उभा. शेजारी म्हणायचे, गळतंय का काय घर? आणि पहिलं वर्षभर काय, तर हिरवी लव. बिलियर्डच्या टेबलावर असते तशी. बस्स! पण ही आपली काज-बटणं करून झाली की भिंग घेऊन काचेला नाक लावून बसलेली. अहो, या ना, पिशवी बघा! मातीच्या आत, काचेला चिकटून, मोहरीपेक्षा बारीक पिशव्या. पाण्यातला किडा दाराशी आला की गपकन आत. मी म्हटलं, खिसाच आहे की, झाकणाचा. चाळीस वर्षं खिसे शिवलेला माणूस, मला दुसरं काय दिसणार? पण हिला हवं होतं फूल. ससा असतो म्हणे, इवलासा, पांढरा, दोन कान वर केलेला. पुस्तकात यांच्या जातभाईंना सीतेची आसवं म्हणतात, तर ती म्हणायची, एवढं रडकं नाव कशाला, माझे आपले ससे. उजेड कमी पडतो म्हणाली, तेव्हा शिलाई मशीनवरचा दिवा काढून मीच टाकीवर लावला. मीच! आणि आठ दिवसांत ती दवाखान्यात.

अकरा आठवडे. रोज चार वाजता मी जायचो आणि पिशवी खाली ठेवायच्या आत हिचा पहिला प्रश्न — आलं का हो फूल? तुम्ही कसे आहात नाही, जेवलात का नाही. मी म्हणायचो, कळीसुद्धा नाही. खरंच सांगायचो हो! कळी म्हणजे मला आपली गुलाबाची कळी ठाऊक, बोटाच्या पेराएवढी. तसलं काही नव्हतंच. जाताना बजावून गेली होती — टाकी स्वच्छ ठेवा, काही भलतं उगवलं तर वेळीच काढा. ठेवली. इतकी स्वच्छ ठेवली की—

पाणी हवंय? नको? मग मीच घेतो घोटभर.

काय सांगत होतो... फुलं, हां. पंचवीस दिवस झाले पहिलं येऊन. आता मोजा हवं तर, अठरा आहेत. — हो, ती जाऊन महिना झाला. तुम्ही हिशेबाला पक्क्या आहात, ताई. नाही बघितली तिने. एकही नाही. खोटं बोललो तुमच्याशी, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून — नाही, तेही खोटंच. मला लाज वाटते म्हणून.

शिंप्याला धागा सुटलेला दिसला की त्याचा हात थांबत नाही. कपडा कितीही चांगला शिवा, गिऱ्हाइकाला आधी लोंबणारा धागाच दिसतो. माझ्या वडिलांनी या बोटांवर पट्टी मारून शिकवलंय — धागा दिसला की काप. आता त्या लवेतून असे उभे, केसासारखे धागे वर यायचे. पान नाही, काही नाही. मी म्हटलं, हेच ते भलतं. रोज सकाळी चहाआधी बारीक कात्री घ्यायची आणि बुडाशी कच्. रोज, ताई! अकरा आठवडे. एक दिवस चुकवला नाही. लोक पूजेला बसत नाहीत इतक्या नेमाने. तिची टाकी आहे म्हणून, ती घरी आली की खूश होईल म्हणून. मग ती गेली आणि माझ्याने कात्री हातात धरवेना, तर त्याच धाग्यांच्या टोकांना — बघा. कान वर करून बसलेत.

थांबा, एवढंच असतं तर मी गिळलं असतं. माणूस चुकतो. पण शेवटच्या आठवड्याच्या आधी मी तिला फुशारकीने सांगितलं. म्हटलं, तुझी टाकी काय ठेवलीय, इस्त्री केल्यासारखी! मेले धागे निघतात रोज, मी रोज कापतो. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, किती निघतात? म्हटलं, पाच-सहा तरी. वर टोकाला काही असतं का? म्हटलं, असतो बारीक ठिपका, टाचणीच्या डोक्याएवढा. तर डोळे मिटून हसली. माझा हात घेतला हातात, हा, कात्रीचा, आणि म्हणाली, छान करता हो. किती करता माझ्यासाठी.

त्यानंतर सहा दिवस होती. एकदाही विचारलं नाही, फूल आलं का. मला वाटलं, विसरली, औषधांनी होतं तसं. मी वेडा मनातून सुटकेचा श्वास टाकला, रोज नाही म्हणायला नको म्हणून. विसरली नव्हती. तिला कळलं होतं सगळं. एक शब्द बोलली असती, अहो, तेच फूल आहे, कापू नका, तर सहा दिवसांत एखादं उमललं असतं. काढून नेलं असतं मी डबीत घालून. पण मग मला कळलं असतं ना, अकरा आठवडे मी काय करत होतो ते! तेवढ्यासाठी गप्प राहिली. फूल सोडलं तिने, मला सांभाळलं. मी काय करू आता या अठरांचं? चहा पीत त्यांच्याकडे बघत बसू? नाही होत, ताई. नाही सोसत मला.

चला, उठा. तुम्ही तिकडून धरा, मी इकडून. दिवाही न्या, त्याच्यावरच वाढतात. हळू, उंबरठा आहे. — हां. ठेवा मागच्या सीटवर, कापड लावा बाजूने. नाही, एक चिमूटसुद्धा नको मागे. सांगितलं ना.

आता काय? बाहीला? धागा लोंबतोय, माहीत आहे मला. लोंबू दे. — नको म्हटलं ना, हात लावू नका. राहू दे तो. या तुम्ही आता.